धोंड्याच्या महिन्यातल्या वाकड्या पिना

खरं तर हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण केडगावहून ही गोष्ट निघून आमच्या निमोण्यात पोचेपर्यंत तिला इतके फाटे फुटलेत, की म्हटलं मूळ माल आपणच समोर ठेवावा. लोक तर आता म्हणायला लागलेत की मी सासऱ्याचं दुकान जाळलं. सासऱ्याला दुकानच नाही. त्यामुळं चहा घ्या, आणि काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका.

मी नोकरीला रांजणगावकडच्या एका कारखान्यात. वायरी जोडायचे कनेक्टर तिथं बनतात. माझं खातं क्वालिटी. म्हणजे बाकीचे लोक माल बनवतात, मी त्यात खोड काढतो, आणि खोड काढल्याचा मला पगार मिळतो. कनेक्टरमध्ये बारीक पिना असतात. भिंगाखाली धरायचं, एक जरी पिन वाकडी दिसली की लाल ट्रेमध्ये टाकायचं. सगळ्या सरळ असतील तर पुढं सोडायचं. दिवसभर हेच.

असली नोकरी वर्षानुवर्षं केली की नजर बिघडते बघा. मला भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसतं. लग्नाला गेलो तर मांडवाचा खांब तिरका दिसतो. आमची वैशाली, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना सांगते, "ह्यांना जगात एकच गोष्ट सरळ दिसती, ती म्हंजी ह्यांचं स्वतःचं वागणं."

तर गेल्या खेपेला अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात. जावई त्या दिवसापुरता नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, त्याच्या आधी घरात कुणी घास घ्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, तो जे म्हणेल त्याला 'न्हाई' म्हणायचं नाही. एरवी मला घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा मिळत नाही. त्यामुळं मी त्या दिवसाची वाट बघत असतो, हे आपलं तुमच्यापुरतं.

न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून आम्ही दोघं केडगावला पोचलो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामांची शेवंती आणि झेंडू, रोज पिकअप भरून फुलं पाठवायची, असा कारभार. आम्ही पोचलो तर ओट्यावर माझी धाकटी मेहुणी स्नेहल तोंडाला स्कार्फ बांधून, हातात एक खोकं घेऊन निघायच्या तयारीत.

"कुठं गं निघालीस?"

"दौंडला, दाजी. मदरबोर्ड न्यायचाय. आले तासाभरात."

आता प्रकरण असं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नोकरीची परीक्षा होती. पुण्यातलं एक ऑफिस, घरबसल्या कॉम्प्युटरवर बांधकामाचे नकाशे काढून द्यायचं काम. आधी कॉम्प्युटरवर नकाशा काढून दाखवायचा, आणि लगेच तिथंच व्हिडिओवर मुलाखत. मामांनी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. शेवटी बापलेकीत ठरलं होतं, की नोकरी लागली तर लग्नाचा विषय लांबणीवर. नाही लागली तर पुढच्याच आठवड्यात बघायला पाहुणे. म्हणजे त्या पोरीचं सगळं त्या सकाळवर अडकलं होतं.

नकाशाच्या कामासाठी तिनं जरा ताकदीचा प्रोसेसर मागवला होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, तो बसवायची एक चौकोनी जागा असते, तिला सॉकेट म्हणतात, आणि त्यात दाटीनं बसवलेल्या असतात पिना, नुसत्या डोळ्याला धड दिसणारही नाहीत एवढ्या बारीक. जुना काढून नवा बसवताना तिच्या ओढणीचं टोक त्यात अडकलं आणि कोपऱ्यातल्या दोन-तीन पिना आडव्या झाल्या. बोर्ड जिथून घेतला होता त्या दौंडच्या दुकानदाराला तिनं फोन केला, तो म्हणाला, घेऊन या, सरळ करून देतो. एवढं साधं काम.

पण 'पिना' हा शब्द माझ्या कानावर पडला आणि अंगात कारखाना संचारला.

"पिना वाकल्यात, आणि घरात मी असताना दौंडला?" मी म्हटलं.

स्नेहल घुटमळली. "दाजी, तुम्ही जेवायला आलाय. कशाला त्रास?"

आतून मामींचा आवाज आला, "अगं, ते म्हणत्यात तर बघू दे की. त्यांचं कामच हाय ते."

स्नेहलनं स्कार्फ सोडला. तिचा चेहरा तेव्हाच बघायला हवा होता, पण मी खोकं उघडत होतो.

भिंग माझ्या खिशात कायम असतं. चिमटा मामांनी दिला, पायातले बाभळीचे काटे काढायचा, टोकाला एकदम नाजूक. बोर्ड ओट्यावर उजेडात ठेवला, भिंग लावलं, आणि त्या आडव्या झालेल्या पिना एकेक करून उचलल्या. खोटं कशाला सांगू, काम झकास झालं. शेजारच्या पिनेला धक्का नाही, काही नाही. स्नेहलनंही वाकून बघितलं आणि म्हणाली, "भारी हो दाजी. झालं की."

तिथंच उठून हात धुतले असते तर आज मी तुम्हाला माझ्या कौतुकाची गोष्ट सांगत असतो.

पण मी क्वालिटीचा माणूस. दुरुस्तीनंतर पूर्ण तपासणी, हा आमचा नियम. म्हणून भिंग बाकीच्या सॉकेटवर फिरवलं, आणि बघतो तर काय! सगळ्या पिना वाकड्या. एकूण एक. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. आमच्या कारखान्यात असला एक नग निघाला असता तर लाईन बंद पाडली असती.

"मामा, हे बघा."

मामांनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गहू लोळतो वाऱ्यानं, तसं झालंय."

"सगळं लोळलंय मामा."

"सगळंच. एक धाट उभं न्हाई."

स्नेहल पुढं झाली. "दाजी, त्या तशाच असतात."

"असं सगळेच म्हणतात," मी म्हटलं. "माल बनवणारा पण हेच म्हणतो, की असंच असतंय. म्हणून तर क्वालिटी लागते."

"न्हाई पण दाजी, सगळ्या बोर्डांच्या..."

"स्नेहल," मामी आतून म्हणाल्या, "पुरण वाटायला ये."

ती गेली. मला वाटलं, पटलं तिला.

मग मी कामाला बसलो. एकेक पिन चिमट्यात धरायची, हलक्या हातानं उभी करायची, भिंगातून बघायची, पुढची. मामा मोबाईलची बॅटरी धरून उभे. एक ओळ झाली. उभ्या पिना काय सुंदर दिसत होत्या म्हणून सांगू. पण पिना हजाराच्या वर, आणि मी एकटा. मामांना राहवलं नाही. ते म्हणाले, "पाव्हणं, एकट्यानं कवा व्हायचं हे? सावड करू की. आमच्या मंडळींचा हात लई हलका हाय."

सावड म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, ह्याच्या रानात त्यानं राबायचं, त्याच्या रानात ह्यानं. तर मदरबोर्डावर सावड सुरू झाली. मामी पदराला हात पुसत आल्या. मी त्यांना रीतसर ट्रेनिंग दिलं. पिन कशी धरायची, किती दाबायची, पास कशाला म्हणायचं, नापास कशाला. मामींनी जन्मभर सुईनं शेवंतीची वेणी ओवलेली. त्यांनी गजरा ओवायची सुई घेतली आणि माझ्या दुप्पट वेगानं पिना उभ्या करायला लागल्या. मी मनात म्हटलं, ह्या आमच्या कंपनीत असत्या तर माझी नोकरी गेली असती.

मधे स्नेहल पुन्हा आली. काही बोलायला तोंड उघडलं, तर मामी खाली मान घालूनच म्हणाल्या, "पाटाभवती रांगोळी काढ जा." वैशाली दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. ती नजर मला ओळखीची वाटली, पण नेमकी कधीची ते आठवेना. नंतर आठवलं. मी घरचा मिक्सर उघडला होता तेव्हाची.

एक पिन तुटली. मी मामांना म्हटलं, "एवढ्या मोठ्या मालात एखादी जायचीच." मामा म्हणाले, "कोळपताना एखादं रोप जातंच की." सगळ्या पिना उभ्या झाल्या. सॉकेट असं दिसत होतं, की मी त्याचा फोटो काढला. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. दाखवणार नाही.

स्नेहलला हाक मारली. तिनं प्रोसेसर वर ठेवला. तो टेकेचना, वरच्या वर डुगडुगत राहिला. मी म्हटलं, दाबून बसव. तिनं सॉकेटवरची दाबायची दांडी खाली ओढली, तसा करकर आवाज आला. ज्वारीच्या धाटावर पाय पडावा तसा. कॉम्प्युटर चालू केला, पंखा फिरला, आणि स्क्रीन काळाच्या काळा.

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिनं बाहीनं पुसलं. मला खरोखर वाईट वाटलं. पण माझ्या हातून झालंय असं काही वाटलं नाही. खोटं बोलत नाही, मनापासून वाटलं की माल मुळातच नापास होता, दुकानदारानं पोरीला फसवलं.

मी तसं म्हणालो मात्र, मामा पेटले. "एवढा सगळा लोळलेला माल माझ्या लेकीच्या गळ्यात मारला व्हय? चला पाव्हणं. तुम्ही फकस्त बोला, बाकी मी बघतो."

"अहो, जेवण," मामी म्हणाल्या.

"आल्यावर जेवू."

म्हणजे जावई उपाशी, आणि जावई उपाशी म्हणून सगळं घर उपाशी. पुरणाचे धोंडे झाकून ठेवले, आणि मी, मामा, स्नेहल पिकअपमधून दौंडला निघालो. मागं फुलांची रिकामी क्रेटं आदळत होती. वाटेत मामा मला शिकवत होते, की दुकानदार उलटून बोलला तर आपण काय बोलायचं. स्नेहल खिडकीबाहेर बघत होती.

दुकानात गर्दी होती. मामांनी सगळ्यांदेखत बोर्ड काउंटरवर ठेवला. दुकानदार तरणा माणूस, तोंडात बडीशेप. त्यानं सॉकेट उजेडात धरलं आणि चावायचा थांबला.

"हे कुणी केलं?"

"आमच्या जावयांनी," मामा अभिमानानं म्हणाले.

"सगळ्या पिना?"

"एकूण एक. निम्म्या आमच्या मंडळींनी."

मी पुढं झालो. कारखान्यातल्या आवाजात म्हटलं, "तुम्ही दिलेल्या मालात सगळ्या पिना तिरक्या होत्या. मी क्वालिटीत आहे."

त्यानं मागच्या फळीवरून एक नवाकोरा डबा काढला, माझ्यासमोर सील फोडलं, झाकण काढलं आणि बोर्ड माझ्याकडं सरकवला. मी भिंग लावलं.

सगळ्या पिना कललेल्या. एकाच बाजूला, एकाच मापात, एकदम शिस्तीत.

"साहेब, त्या तिरक्याच असत्यात," तो म्हणाला. "प्रोसेसर वरनं बसला की स्प्रिंगसारख्या दबत्यात. सरळ उभ्या केल्या तर दबणार कशा? मोडणार."

आता तुम्हीच सांगा, काय वाटलं असेल मला? हजारभर धडधाकट पिना मी स्वतःच्या हातानं नापास केल्या होत्या. वर सासूला ट्रेनिंग दिलं होतं. गुपचूप निघून जावं असा विचार केला.

पण मामा तिथंच होते ना.

"बघू," ते म्हणाले, आणि माझ्या हातातून भिंग घेतलं. बघितलं. मान हलवली. "हा बी लोळलाय."

"मामा," मी म्हटलं.

"थांबा तुम्ही." दुकानदाराकडं वळून म्हणाले, "सगळा लॉटच खराब हाय तुमचा. ह्यो घेतो आम्ही, पण असा न्हाई. आमच्या पाव्हण्यांनी केलाय तसा सरळ करून द्या. नसंल जमत तर चिमटा द्या, ते हितंच बसून करत्यात."

दुकानातली सगळी गर्दी माझ्याकडं बघायला लागली. आणि मामांनी खरंच खिशातून काटे काढायचा चिमटा काढून काउंटरवर ठेवला. हा दुसरा बोर्ड गेला असता की स्नेहलची सकाळ गेली. आठवड्यात पाहुणे. आता बोलणं भागच होतं.

"मामा, चूक माझी झाली," मी म्हटलं. "पिना अशाच असतात. मला माहीत नव्हतं. मी चांगला बोर्ड बिघडवला."

आयुष्यात मी एवढं सरळ कधी बोललो नव्हतो. आणि मामांनी काय केलं असेल? माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीला म्हणाले, "बघा, मोठेपणा बघा माणसाचा. दुकानदाराच्या पोटावर पाय नको म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतंय."

"तसं नाही मामा, खरंच चुकलं माझं."

"न्हाई न्हाई. धोंड्याचा महिना हाय, आम्ही तुमची चूक ऐकून घ्यायची व्हय? पाप लागंल आम्हाला." आणि दुकानदाराला, "धरा चिमटा."

मी पुन्हा सांगितलं. मामांनी पुन्हा माझं कौतुक केलं. जितकं मी कबूल करत होतो तितका मी मोठा होत होतो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तर मला हात जोडले. दुकानदारानं चिमटा उचलून परत खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की साहेब, तुम्हीच काहीतरी करा.

शेवटी स्नेहल पुढं आली. दिवसभरात पहिल्यांदा तिला कुणी स्वयंपाकघरात पाठवणारं नव्हतं.

"आबा," ती मामांना म्हणाली, "कुठल्या पिना पास आन् कुठल्या नापास, हे कोण ठरवणार?"

"दाजी. दुसरं कोण?"

"मग दाजींना तपासू दे की हा बोर्ड. दाजी पास म्हणाले तर घ्यायचा. तसाच, हात न लावता."

मामांना पटलं. "बोला पाव्हणं. तुमचा शब्द शेवटचा."

मी भिंग लावलं. कारखान्यात लावतो तसं, सगळ्या ओळींवरून फिरवलं. हजारभर वाकड्या पिना. एवढी वर्षं एकीलाही मी सोडलं नव्हतं. मान वर केली आणि म्हणालो, "पास."

"पास?"

"पास. उत्तम माल."

"झालं तर," मामा म्हणाले, आणि चिमटा खिशात टाकला. दुकानदारानं तिथंच आम्ही बरोबर आणलेला स्नेहलचा प्रोसेसर बसवून दाखवला. दांडी अलगद बसली, स्क्रीन उजळला. मामा गर्दीला म्हणाले, "पाव्हण्यांनी नुसती नजर टाकली आन् चालू झालं." बोर्डाचे पैसे मी देतो म्हटलं, तर तेही देऊ दिले नाहीत. धोंड्याच्या महिन्यात जावयाकडून घेत नाहीत म्हणे. म्हणजे चुकीची भरपाई करायचीही सोय नाही.

चहाच्या वेळेला घरी येऊन गार झालेले धोंडे खाल्ले. मामींनी ओवाळताना विचारलं, "सगळं सरळ झालं ना?" मी म्हटलं, झालं.

पुढं काही दिवसांनी मामांचा फोन आला. स्नेहलला नोकरी लागली होती. "पाव्हणं, तुमच्यामुळं लागली," मामा म्हणाले. "स्नेहल सोताच म्हणती, दाजी नसते तर काय खरं नव्हतं."

मला इतका आनंद झाला की मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. म्हटलं, मेहुणीला नोकरी मिळाली, आपलं जरा मार्गदर्शन होतं. साहेबांनाही नेऊन दिला पेढा. गावात सांगितलं. वैशालीनं हे सगळं होऊ दिलं, आणि मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता खरं काय ते सांगितलं.

ओट्यावर सावड चालू होती तेव्हाच स्नेहलनं आईला सगळं सांगितलं होतं. मामी म्हणाल्या, आजचा एक दिवस दाजींना काही बोलू नको. मग स्नेहलनं स्वयंपाकघरातूनच दौंडला फोन करून दुसरा बोर्ड बाजूला काढून ठेवायला सांगितला. म्हणजे मामींनी निम्म्या पिना माहीत असताना सरळ केल्या. मी विचारलं, मग डोळ्यांत पाणी? वैशाली म्हणाली, दुसरा बोर्ड सांगून ठेवला तरी जुना काय कमी आवडीचा होता तिच्या?

नकाशाच्या परीक्षेत बरेच जण पास झाले होते. निवड झाली ती मुलाखतीवर. तिथं तिला विचारलं, की तुमच्यापेक्षा मोठा माणूस डोळ्यांदेखत चूक करतोय, त्याला बोलायची सोय नाही, आणि काम तर वेळेत व्हायला पाहिजे. अशा वेळी तुम्ही काय कराल?

स्नेहल म्हणाली, "सर, कालच केलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. पहिल्या भिंगापासून 'पास'पर्यंत. मुलाखत घेणाऱ्या बाईंना मधे कॅमेरा बंद करावा लागला म्हणे, हसू आवरेना म्हणून.

आता ती तिथं चांगली रुळलीय. आणि त्या ऑफिसात एखादा साहेब मोठ्या आत्मविश्वासानं चांगला नकाशा सुधारायला बसला, की कुणी त्याला काही बोलत नाही. फक्त एकमेकांना मेसेज टाकतात, "दुसरी कॉपी काढून ठेवा. दाजी बसलेत."